खरी गोम तिथंच आहे

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका लहानशा फिल्म क्लबात १९४० सालचा एक मेक्सिकन चित्रपट दाखवला गेला. 'आई एस्ता एल देताये', म्हणजे आपल्या भाषेत 'खरी गोम तिथंच आहे'. नायक कांतिनफ्लास, मेक्सिकोचा गाजलेला विनोदी नट. चित्रपट संपला, चहा झाला, चर्चा सुरू झाली आणि दहा मिनिटांत तिचे दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं असं, की हा माणूस नुसता बरळतो, त्यात अर्थ शोधायला जाऊ नये. दुसरा तट वाचून आलेल्यांचा होता. हा सुरुवातीला गरिबांचा म्हणून मिरवला, पुढे गडगंज झाला, राष्ट्राध्यक्षांच्या पंगतीला बसला, पडद्यावरून उपदेश करू लागला. तेव्हा तो पहिल्यापासूनच सत्तेच्या सोयीचा विदूषक होता, असं त्यांचं मत. मी स्पॅनिश शिकवते, त्यामुळे शेवटी सगळे माझ्याकडे वळले. हॉल रिकामा करायची वेळ झाली होती. तेव्हा जे सांगायचं राहिलं ते इथं सांगते आहे, कारण हाच वाद मेक्सिकोतही गेली कित्येक दशकं याच दोन वाटांनी चालला आहे, आणि माझ्या मते दोन्ही वाटा चुकीच्या गावाला जातात.

माझं म्हणणं आधीच मांडते. कांतिनफ्लासची बडबड हेच त्याचं राजकारण होतं. त्या बडबडीत अर्थ नव्हता हे खरं. पण ती अर्थशून्यता त्याच्या घरची नव्हती. ती त्यानं वकिलांच्या, पुढाऱ्यांच्या, सरकारी समारंभांतल्या बोलण्यातून उचलली आणि उसन्या कोटासारखी अंगात घालून लोकांना दाखवली. आणि उत्तरायुष्यात त्याची धार गेली ती पैसा आला म्हणून नाही. तो सरळ, स्वच्छ, पूर्ण वाक्यांत बोलू लागला म्हणून गेली.

त्याचं खरं नाव मारिओ मोरेनो रेयेस. जन्म १२ ऑगस्ट १९११, मेक्सिको शहरातला. वडील पोस्टात नोकरीला. मुलगा वाढला तो तेपितोच्या आसपास, जुन्या बाजाराची आणि मुष्टियोद्ध्यांची म्हणून आजही ओळखली जाणारी ही वस्ती. त्यानं मुष्टियुद्धातही हात मारून पाहिला. मग तो शिरला 'कार्पां'मध्ये. कार्पा म्हणजे मोकळ्या जागेवर ठोकलेला कापडी तंबू, आत लाकडी बाकं, तिकीट अगदी स्वस्त, एका संध्याकाळी लागोपाठ छोटे छोटे खेळ. गाणं, नाच, कसरत आणि मधल्या वेळात विनोदी नट. प्रेक्षक गप्प बसत नसे. आवडलं नाही तर तिथल्या तिथे ओरडून सांगे. आपल्याकडे तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या पाटलाच्या नाहीतर शास्त्रीबुवांच्या बोलण्याची जी गत करतो ती ज्यानं राहुटीत बसून ऐकली आहे, त्याला कार्पा वेगळी समजावून सांगायला नको. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काही नाही, पण जिथं हातावर पोट असलेला माणूस पैसे मोजून हसायला येतो तिथं विनोद एकाच दिशेला वळतो, वरच्या. अशाच एका तंबूत मारिओला वालेन्तीना इवानोवा भेटली. रशियन वंशाच्या, तंबूतच वाढलेल्या या मुलीशी त्यानं लग्न केलं.

तो रंगमंचावर यायचा त्या वेषाकडे नीट बघायला हवं. विजार कमरेवर नाही, कमरेच्या बरीच खाली, दोरीनं कशीबशी बांधलेली. अंगात जुनाट, लांब बाह्यांचा सदरा. मिशी ओठांच्या दोन कोपऱ्यांत तेवढी, मधे मोकळं. डोक्यावर चुरगळलेली छोटी टोपी. आणि खांद्यावर एक फडकं, ज्याला तो ऐटीत 'गाबार्दीना' म्हणायचा, म्हणजे उंची कापडाचा कोट. सगळं व्यक्तिमत्त्व त्या फडक्यात आहे. कोट नाही हे त्यालाही माहीत, समोरच्यालाही माहीत. पण तो ते फडकं असं झटकून खांद्यावर टाकतो, की क्षणभर समोरचा गोंधळतो. भाषेचंही त्यानं नेमकं हेच केलं. शब्द मोठे, घरंदाज, कचेरीतले. मधे एकही धागा नाही. आणि झटकून टाकण्याची ढब अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच समजत नसेल.

या माणसाला मेक्सिकोत 'पेलादो' म्हणतात. शब्दशः सोललेला. ज्याच्याकडे पैसा नाही, कपडा नाही, कूळ नाही, असा शहरातला निष्कांचन. क्रांतीच्या धामधुमीनंतर खेड्यांतून माणसं लोटत होती. १९३० साली राजधानीच्या जिल्ह्याची वस्ती सुमारे बारा लाख होती, वीस वर्षांत ती तीस लाखांवर गेली. देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांना तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं. ही गर्दी शहरातल्या सुशिक्षितांना भिववत होती. १९३४ साली सामुएल रामोस या तत्त्वज्ञानं मेक्सिकन माणसाच्या मनाची चिकित्सा करताना या पेलादोलाच टेबलावर घेतलं आणि निदान केलं की त्याच्या दांडगाईमागे, शिवीगाळीमागे न्यूनगंड आहे. निदान अगदीच खोटं नसेल. पण त्या चिकित्सेत पेलादो बोलत नाही, त्याच्याविषयी बोललं जातं. दोनतीन वर्षांत तोच पेलादो तंबूतून उठून थिएटरात आला आणि तोंड उघडून बोलायला लागला. बोलला ते न्यूनगंडाचं बोलणं होतं का? मला उलट दिसतं. ज्या भाषेत त्याला खाली ठेवलं जात होतं, ती भाषाच तो हाताळून, उलटीपालटी करून पाहत होता.

१९३७ सालचा एक प्रसंग या वादात कुणी फारसा आणत नाही, याचं मला नवल वाटतं. लुइस मोरोनेस आणि विसेन्ते लोम्बार्दो तोलेदानो हे दोघे त्या काळातले कामगार चळवळीचे बडे पुढारी, एकमेकांचे हाडवैरी. मोरोनेसनं वादविवादाचं आव्हान दिलं. लोम्बार्दो स्वतः पंडित माणूस, आदल्याच वर्षी त्यानं देशातला सर्वांत मोठा कामगार महासंघ उभा केला होता. त्यानं उत्तर दिलं ते असं, की मोरोनेसला आपलं तर्कसामर्थ्य दाखवायचंच असेल तर त्यानं कांतिनफ्लासशी वाद घालावा. पुढाऱ्यानं दुसऱ्या पुढाऱ्याला हिणवण्यासाठी तंबूतल्या नटाचं नाव वापरलं. मग एका साप्ताहिकात कांतिनफ्लासच्या नावानं त्यावर उत्तरही छापून आलं, त्याच्या खास भाषेत, ज्यात तो कामगारांचा प्रश्न सोडवायला निघतो आणि वाक्य कुठंच पोचत नाही. ही सगळी मंडळी हसली. पण थोडं थांबून बघा. ज्या दिवशी पुढाऱ्याच्या भाषणाची आणि विदूषकाच्या बडबडीची तुलना भर चौकात होऊ शकली, त्या दिवशी ती बडबड कुणाची नक्कल होती हे सगळ्यांना कळलेलं होतं. आज ऐंशी-नव्वद वर्षांनी आपणच ते विसरलो आहोत.

आता त्या चित्रपटाकडे येते, कारण सगळा मुद्दा त्याच्या शेवटच्या भागात आहे. हुआन बुस्तियो ओरोनं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. कांतिनफ्लास एका श्रीमंत घरातल्या मोलकरणीचा मित्र, रोज रात्री स्वयंपाकघरात जेवायला येणारा. घरातला कुत्रा पिसाळला आहे, त्याचं नाव बॉबी. त्याला मारशील तर जेवण मिळेल, असं मोलकरीण सांगते. तो बॉबीला मारतो. त्याच सुमारास बॉबी नावाच्या एका गुंडाचा खून होतो. मधे संशयी नवरा, घाबरलेली बायको, वारशाच्या लोभानं कांतिनफ्लासला मेहुणा म्हणून घरात ठेवून घेणं, मग त्या खऱ्या मेहुण्याची टाकलेली बायको आठ पोरांसह दारात येऊन उभी राहणं, अशी धांदल आहे. ती छान आहे, पण मी तिच्यावर थांबत नाही. शेवटी तो कोर्टात उभा राहतो. बॉबीला तू मारलंस का? हो, मारलं. का मारलं? पिसाळला होता म्हणून. तुला वाईट वाटत नाही? जेवायला मिळणार होतं. सरकारी वकील थरथरतो. कांतिनफ्लास कुत्र्याबद्दल बोलतोय आणि कोर्ट माणसाबद्दल, आणि दोन्ही बाजूंना आपलं ऐकलं गेलं असं वाटतंय. इथवर हा नेहमीचा गैरसमजाचा विनोद आहे, कुठल्याही देशातल्या फार्सात सापडेल.

त्यानंतर जे होतं ते मात्र इतरत्र सापडत नाही. प्रश्न जसे वाढतात तशी कोर्टाची भाषा सैल होऊ लागते. वकील वाक्य सुरू करतो आणि त्याला शेपूट सापडत नाही. खरा मेहुणा पुढं येऊन कबुली देतो तोवर न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील, सगळे कांतिनफ्लाससारखे बोलू लागलेले असतात. तेच अर्धवट सोडलेले 'म्हणजे', तेच 'त्या अर्थी', तीच हातांची फेक. आरोपी त्यांच्यासारखा झालेला नाही. कोर्ट आरोपीसारखं झालं आहे. आणि प्रेक्षकाच्या लक्षात येतं की फार काही बदललेलंच नाही. पहिल्या मिनिटापासून तिथं जे बोललं जात होतं त्यात आणि या बोलण्यात अंतर फक्त झग्याचं होतं. ज्या देशात जमिनीचा तुकडा, मजुरी, लग्न, वारसा, सगळं शिक्क्याच्या कागदावरच्या न कळणाऱ्या वाक्यांत अडकलेलं होतं, त्या देशातल्या निरक्षर प्रेक्षकानं हे पाहिलं. त्याला हे कळलं नसेल असं मानणारे लोक प्रेक्षकाला फारच कमी लेखतात.

याच्या अगदी जोडीला एक उदाहरण ठेवावंसं वाटतं. त्याच १९४० साली चार्ली चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर' आला. चॅप्लिननं बोलपट आल्यावरही वर्षानुवर्षं तोंड उघडलं नव्हतं. 'मॉडर्न टाइम्स'मध्ये, १९३६ साली, त्याचा आवाज पडद्यावर पहिल्यांदा ऐकू आला तो एका निरर्थक शब्दांच्या गाण्यात. १९४० मध्ये त्यानं हुकूमशहाच्या तोंडी बनावट जर्मन घातली आणि ती अचूक बसली. मग शेवटी त्या हुकूमशहासारखाच दिसणारा ज्यू न्हावी व्यासपीठावर चढतो आणि सरळ, कळकळीचं भाषण करतो. त्या भाषणाबद्दल समीक्षक अजून भांडतात. एकाच वर्षी दोन विदूषक भाषेच्या प्रश्नाला भिडले. एकानं शेवट स्वच्छ भाषणानं केला, दुसऱ्यानं सगळ्या कोर्टाची वाचा घालवून. कोणता शेवट सत्तेला जास्त अडचणीचा? चॅप्लिनच्या भाषणाला दुसरं भाषण करून उत्तर देता येतं. बरळणाऱ्या न्यायाधीशाला काय उत्तर देणार?

आता विरोधकांचे मुद्दे, आणि मी ते पडके करून मांडणार नाही, कारण त्यातले दोन खरोखर भक्कम आहेत.

पहिला मुद्दा असा, की या विनोदात हसू पेलादोचंच होतं. मध्यमवर्गीय थिएटरात बसून गावंढळ, अडाणी माणसाला मोठे शब्द पेलत नाहीत हे बघून हसायचा, आणि चित्रपट उद्योगानं त्याला असा गरीब पुरवला जो रागावत नाही, संप करत नाही, जेवण मिळालं की खूष होतो. दिएगो रिवेरानं १९५३ साली तेआत्रो दे लोस इन्सुर्हेन्तेसच्या दर्शनी भिंतीवर जे भव्य मोझेक केलं त्यात मधोमध कांतिनफ्लास आहे, श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देणारा. रिवेरा डाव्या विचारांचा, त्याला हे कौतुकानं करायचं होतं. पण नीट बघितलं तर त्या चित्रात श्रीमंत श्रीमंतच आहेत आणि गरीब गरीबच, मधे एक हसरा माणूस आहे. टीकाकार म्हणतात, हाच त्याचा उपयोग. मी हे मान्य करते, अर्धं. वरचे लोक हसत असतील, खालच्यांना हसत असतील. पण एका विनोदाला दोन प्रेक्षक असतात तेव्हा तो कुणाचा, हे महागाच्या खुर्चीवरून कसं ठरवायचं? हा विनोद जिथं जन्मला त्या तंबूत मध्यमवर्ग नव्हताच. तिथं पेलादोच पेलादोला बघत होता, आणि त्याला हसू येत होतं ते आपल्यासारखाच एक जण साहेबाची भाषा साहेबाइतक्याच रुबाबात आणि साहेबाइतकीच पोकळ बोलतोय म्हणून.

दुसरा मुद्दा उत्तरायुष्याचा. इथं मी बचाव करणार नाही. १९४१ साली 'एल खेन्दार्मे देस्कोनोसिदो' आला, त्यात कांतिनफ्लास चुकून पोलिस होतो, शिपाई क्रमांक ७७७, आणि शिस्त नावाच्या गोष्टीचं जे काही होतं ते बघण्यासारखं आहे. सदतीस वर्षांनी, १९७८ साली, तोच क्रमांक घेऊन 'एल पात्रुयेरो ७७७' आला. आता तो गणवेशात शोभतो, रस्त्यावरच्या माणसांना नीतीचे धडे देतो. मधे १९६८ साल होऊन गेलेलं. २ ऑक्टोबरला तलातेलोल्कोच्या चौकात सैन्यानं विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्यानंतरच्या मेक्सिकोत गणवेशाची ही गोंडस प्रतिमा पडद्यावर आणणं मला बोचतं, आणि त्याच्या चाहत्यांनी ती बोच झटकू नये असं मला वाटतं. तो किती दानशूर होता, त्यानं बैलझुंजीचे विनोदी खेळ करून किती मदतनिधी उभा केला, हे सांगून याचं उत्तर होत नाही. दानधर्म हा हिशोबच वेगळा.

पण 'पैशानं बिघडला' हे स्पष्टीकरण तारखांपुढे टिकत नाही. भागीदारांबरोबरची स्वतःची निर्मिती कंपनी 'पोसा फिल्म्स' त्याच्याकडे १९४१ सालीच होती. त्याच वर्षी बैलझुंजीवरच्या त्याच्या चित्रपटानं तिकीटबारीचे विक्रम मोडले. पुढे कोलंबियासारखी अमेरिकन कंपनी वितरणाला आली. म्हणजे पैसा, हॉलिवूडची ओळख, हे सगळं त्याच्या उत्तम काळातच आलं होतं. आणि १९४५ साली, तो चांगला श्रीमंत असताना, चित्रपट कलावंत आणि तंत्रज्ञ जुन्या, महासंघाच्या मुठीतल्या युनियनमधून फुटून बाहेर पडले तेव्हा निर्मिती कामगारांच्या नव्या संघटनेचा पहिला सरचिटणीस हाच होता. त्यात सत्तेचा आशीर्वाद कुणाला किती होता यावर इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. पैसेवाला झाला म्हणून त्यानं तोंड बंद केलं, असं मात्र त्या वर्षी दिसत नाही.

मग बदललं काय? चित्रपटांची रांग लावून बघितली की उत्तर समोर येतं. १९४० मध्ये कोर्ट त्याच्यासारखं बोलायला लागतं. १९६१ मध्ये 'एल आनाल्फाबेतो' येतो, म्हणजे 'निरक्षर'. त्यात त्याच्या नावानं वारशाचं पत्र येतं, ते त्याला वाचता येत नाही, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं नाही म्हणून तो शाळेत जाऊन बसतो. १९७१ मध्ये 'एल प्रोफे'. आता तोच मास्तर. १९६७ च्या 'सु एक्सेलेन्सिया'त तो एका काल्पनिक देशाचा राजदूत आहे, लाल आणि हिरव्या अशा दोन गटांत विभागलेल्या जागतिक सभेत निर्णायक मत त्याचं, आणि तो राजीनामा देऊन एक लांबलचक भाषण करतो. शांतता, माणुसकी, दोन्ही महासत्तांची कानउघाडणी. प्रत्येक वाक्य पूर्ण. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागेवर. सत्तावीस वर्षांनी तो चॅप्लिनच्या वाटेनं गेला. हे भाषण आजही लोक भक्तिभावानं ऐकतात आणि त्यातलं एक वाक्यही चुकीचं नाही. पण आधी त्याच्यामुळे अधिकाऱ्यांची भाषा ढासळायची, आता तो अधिकाऱ्यांची भाषा त्यांच्यापेक्षा चांगली बोलू लागला.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे 'एल आनाल्फाबेतो'बद्दल बोलताना मला जपून बोलावं लागतं. निरक्षर माणसानं अक्षर शिकावं यात वाईट काय? काहीच नाही. ज्या देशानं १९४४ साली साक्षरतेची राष्ट्रीय मोहीम काढली त्या देशात हा चित्रपट पाहून कुणी पाटी हातात घेतली असेल तर ते कोणत्याही समीक्षेपेक्षा मोठं आहे. माझी तक्रार इतकीच, की या चित्रपटात अडाणीपण ही फक्त त्याची उणीव आहे. पत्र लिहिणाऱ्यांची भाषा तपासली जात नाही. जुन्या कांतिनफ्लासनं ते पत्र उलटं धरून, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर वाचून दाखवलं असतं आणि पत्र पाठवणाऱ्या वकिलाला घाम फोडला असता.

या सगळ्याला देशाच्या इतिहासाची एक चौकट आहे, तिच्याशिवाय हा बदल नुसता एका नटाचा वाटेल. १९२९ साली स्थापन झालेला सत्ताधारी पक्ष नावं बदलत १९४६ साली 'क्रांतिकारी संस्थात्मक पक्ष' झाला आणि २००० पर्यंत देशाच्या सर्वोच्च पदावर त्याचाच माणूस राहिला. क्रांतिकारी आणि संस्थात्मक. हे नाव मोठ्यानं उच्चारून बघा. क्रांती संस्था कशी होते आणि संस्था क्रांती कशी करते? कांतिनफ्लासच्या तोंडी शोभावं असं हे नाव, पण ते त्याच्या लेखकांनी नाही, राजकारण्यांनी काढलं, आणि गंभीर चेहऱ्यानं अर्धशतकाहून अधिक चालवलं. ज्या राजवटीची पाटीच अशी होती, तिथं पुढाऱ्याच्या भाषेची नक्कल करणं निरुपद्रवी कसं ठरतं? आणि ज्या वेळी नक्कल करणाऱ्यानं ती थांबवून स्वतःच चांगली भाषणं करायला घेतली, त्या वेळी राजवटीला हायसं वाटलं असेल, की अडचण झाली असेल?

'अहो, पण लोक हसून घरी गेले, पुढं झालं काय?' हा प्रश्न त्या संध्याकाळीही विचारला गेला. हसल्यानं सरकार पडत नाही, हे मला मान्य आहे. कवितेनं, मोर्चानंसुद्धा बहुतेक वेळा पडत नाही. पण भाषेचं भय ही गोष्ट ज्यानं कधी तहसील कचेरीत कागद हातात घेऊन उभं राहून पाहिली आहे त्याला ती किती खरी असते हे सांगायला नको. ते भय थोडं कमी करणं हे काम आहे, आणि ते झालं याचा पुरावा स्पॅनिश भाषेतच शिल्लक आहे. 'कांतिनफ्लेआर' हे क्रियापद लोकांनी घडवलं, स्पेनच्या शाही भाषा अकादमीनं १९९२ च्या कोशात घेतलं. अर्थ: असंबद्ध बोलणं, काहीही न सांगता बोलत राहणं. लोक ते वापरतात कुणासाठी? शेजारच्या रिक्षावाल्यासाठी क्वचित. वापरतात मंत्र्यासाठी, प्रवक्त्यासाठी, पत्रकार परिषदेत प्रश्नाला बगल देणाऱ्या अध्यक्षासाठी. टीकाकार म्हणतात तसा हा विनोद गरिबाला हसण्याचा असता, तर त्याचं क्रियापद गरिबाच्या माथी बसलं असतं. ते बसलं सत्तेच्या.

आपल्याकडे त्याची ओळख आहे ती बहुधा १९५६ च्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'मुळे. त्यात तो पासपार्तू, नोकराच्या भूमिकेत. लॅटिन अमेरिकेतल्या जाहिरातींत डेव्हिड निव्हनच्या आधी त्याचं नाव होतं आणि विनोदी अभिनयाचा गोल्डन ग्लोब त्याला मिळाला. चित्रपटात तो धावतो, सायकल चालवतो, बैलासमोर नाचतो. बोलतो फार थोडं, आणि बोलतो ते इंग्रजी. म्हणजे जगानं ज्याला पाहिलं तो कांतिनफ्लास जीभ काढून घेतलेला होता. चार वर्षांनी 'पेपे' आला, त्यात मोठमोठे तारे पाहुणे होते, आणि तो पडला. त्या पडण्याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. ज्याचं सगळं सामर्थ्य स्पॅनिशच्या सरकारी घडणीला आतून उसवण्यात होतं, त्याला परक्या भाषेत उसवायला काही हातीच नव्हतं.

आणि हेच त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये झालं. पडद्याखाली इंग्रजी उपशीर्षकं होती. ज्यानं ती केली त्यानं मेहनत घेतली होती, पण कोर्टाच्या प्रसंगात त्यानं प्रत्येक तुटक्या वाक्याला डोकं आणि शेपूट दिलं. जिथं कांतिनफ्लास चार शब्दांत तीन वेळा दिशा बदलतो तिथं खाली एक नेटकं, अर्थपूर्ण वाक्य उमटत होतं. लोक ते वाचत होते आणि पडद्यावरचा माणूस हातवारे का करतोय हे त्यांना कळत नव्हतं. न्यायाधीश घसरला तेव्हाही खाली व्याकरण शाबूत होतं. हसू आलं ते आम्हा चार जणांना, ज्यांना स्पॅनिश येत होतं. बाकीच्यांना वाटलं, बडबड्या माणूस आहे.

महिन्याभरानं माझ्या वर्गात मी तोच प्रसंग उपशीर्षकं बंद करून लावला. दुसऱ्या वर्षाची मुलं, स्पॅनिश जेमतेम. मी सांगितलं की अर्थ लावू नका, फक्त वाक्य कुठं संपतंय ते मोजा. सुरुवातीला ती कांतिनफ्लासच्या बोलण्यात वाक्याचा शेवट शोधत राहिली आणि एकही सापडेना. मग सरकारी वकील उठला. एका मुलीनं वहीवर रेघ मारली, खोडली, पुन्हा मारली. शेवटी न्यायाधीश बोलायला लागला तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "मॅडम, हे आधीपासूनच असं बोलत होते का?"